शिळं होण्याआधीचं

घरी मित्रमंडळींना दाखवण्यासाठी मी बॉब बालाबानच्या 'पेरेंट्स' (१९८९) या चित्रपटाची मराठी सबटायटल्स करत होते, आणि एका जेवणाशी येऊन अडले. १९५०च्या दशकातलं अमेरिकी उपनगर, चकचकीत स्वयंपाकघर, ताटात रोज मांस. लहानगा मायकेल विचारतो, हे 'लेफ्टओव्हर्स' व्हायच्या आधी काय होतं? बाप (रँडी क्वेड) गालात हसत उत्तरतो: 'लेफ्टओव्हर्स-टु-बी'.

'शिळं' लिहावं तर त्यात काल येतो, आणि ते घरात कोणी संपवायचं हा जुना हिशेबही. 'उष्टं' म्हणताच दुसऱ्याचं तोंड लागतं. 'उरलंसुरलं'मध्ये ओढग्रस्त दिसते, आणि या घरात ती औषधालाही नाही. हिंदीत 'बासी' आणि 'जूठा', बंगालीत 'बाशी' आणि 'एँटो': आपल्या भाषा कधीचं, कुणाचं हे विचारल्याशिवाय अशा अन्नाला नाव देत नाहीत. इंग्रजी शब्द मात्र काहीच विचारत नाही. फ्रिजमधल्या बंद डब्यासारखा तो आहे, आणि सिनेमाची भीती त्या बंदपणातच आहे. मेरी बेथ हर्टची आई इतकी प्रेमानं वाढते की मुलाचा नकार हा उद्धटपणाच वाटावा. 'खा रे, वाढीचं वय आहे' हे ऐकत मोठ्या झालेल्या कुणालाही इथे हसू येईल, आणि ते जरा घशात अडकेल.

आई-बाप खरंच माणसं खातात का, की हे मुलाचं दुःस्वप्न? जोवर हे ठरत नाही तोवर सिनेमा अप्रतिम आहे. बाप नोकरीत झाडांची पानं झडवणारं रसायन तयार करतो. मुलाला तेही तितकंच अगम्य. पण उत्तरार्धात डबा उघडतो, सुरे निघतात, आणि उरतो तो नेहमीचा पाठलाग. शाळेतल्या समुपदेशक बाईंच्या भूमिकेत सँडी डेनिससारखी विलक्षण अभिनेत्री आहे, तीही त्यात खर्ची पडते. मला याचा अजून राग आहे.

आधी मी लिहिलं होतं, 'शिळं व्हायचं होतं ते.' सगळे खो खो हसले. घाबरलं कुणीच नाही. आता प्रश्नात 'उरलेलं' ठेवलंय, आणि बापाच्या तोंडी, 'उरायचं होतं ते.' मराठीत माणसंही उरतात.