नियमावली आणि आपली आत्मकथने

दलित आत्मकथनांवर लिहिणारे समीक्षक शाळेपाशी थांबतात ते बहुधा हळहळण्यासाठी. पोराला वेगळे बसवले, पाणी वरून ओतले, मास्तराने छडी मारली. समीक्षक त्याला 'दाहक अनुभव' म्हणतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मास्तर दुष्ट होता, काळ वाईट होता, एवढाच त्या वाचनाचा निष्कर्ष. हे वाचन अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळेच ते प्रस्थापितांना सोयीचे आहे. आपल्या आत्मकथनांतली शाळा ही नियमांची एक व्यवस्था आहे. कोणी कुठे बसायचे, नळाला हात कोणी लावायचा, आवार कोणी झाडायचे, बापाचे नाव काय सांगायचे, फाटकातून आत कधी यायचे, हे सारे तिथे आधीच ठरलेले असते. ते कोणी ठरवले, कुठे लिहिले आणि कोणी मोडले, हे विचारल्याशिवाय त्या प्रसंगांचा अर्थ लागत नाही.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. मी मळवलीची. पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक. एका अंगाला भाज्याची लेणी आणि वर लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी ओलांडली की कार्ले. आमच्या घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कोणी पोचले नाही. हायस्कूलला मी लोकलने जात असे. प्रार्थनेची घंटा झाली की शाळेचे फाटक बंद होई. तीनदा उशीर झाला तर पालकांना घेऊन यायचे, हा नियम डायरीच्या पहिल्या पानावर छापलेला होता. लांबच्या गाड्या पुढे काढायच्या म्हणून आमची लोकल मध्येच थांबवून ठेवत. वडील एका बंगल्यावर माळीकाम करीत. त्यांनी शाळेत यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. गावातली मुले चालत येत किंवा बापाच्या स्कूटरवरून येत. नियम सगळ्यांना सारखाच होता. फाटकाबाहेर मात्र नेहमी त्याच मुली, तीच मुले उभी दिसत : स्टेशनपलीकडची, आमच्या वस्तीतली, कातकरवाडीवरची. आमच्या अंगाला कोणी जातीचे नाव चिकटवले नव्हते. तशी गरजच नव्हती.

आज मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आत्मकथनातला शाळेचा उतारा शिकवला की वर्गातून हमखास एक वाक्य येते : "मॅडम, आता असे काही राहिलेले नाही." हे वाक्य म्हणणारी मुले खोटे बोलत नाहीत. त्यांनी छडी आणि गोणपाट शोधले, ते त्यांना सापडले नाहीत. नियम शोधायला आपण त्यांना शिकवलेच नाही.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनाकडे पुन्हा पाहू. हे लेखन १९३५-३६ च्या सुमाराचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली प्रसिद्ध केले. साताऱ्याच्या शाळेत आपल्याला वेगळे गोणपाट घ्यावे लागे, ते शाळेचा नोकर शिवत नसे म्हणून संध्याकाळी घरी न्यावे लागे, आणि शिपाई नळ सोडायला नसला की तहानलेलेच राहावे लागे, हे आपण सर्वजण सांगतो. पण त्यातच एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वर्गात क्रमांकाप्रमाणे बसायची पद्धत होती. आपल्या क्रमांकाच्या जागी मला बसता येत नसे, असे ते नोंदवतात. म्हणजे शाळेचा स्वतःचा नियम गुणवत्तेचा होता. तो नियम भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्यापुरता थांबला आणि त्याच्या जागी न लिहिलेला दुसरा नियम लागू झाला. पाण्याबाबतही तेच. मास्तरांची परवानगी पुरत नसे, शिपाई हजर हवा. शाळेचा अधिकारी मास्तर असेल, पण न लिहिलेल्या नियमाची अंमलबजावणी शिपायाच्या हातात होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. हारफुले वाहताना हा क्रमांकाचा मुद्दा वर्गात सांगितला गेला, तर तो दिवस खरा साजरा झाला असे मी म्हणेन.

या न लिहिलेल्या नियमाला सरकारी कागदाचा आधारही मिळत आला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकट्यासाठी शाळा इतरांना निरुपयोगी करता येणार नाही, अशा आशयाचा निर्णय सरकारने दिला. तत्त्व आमच्याकडे आणि बाक दुसऱ्याकडे, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी शिक्षणाविषयीचे निवेदन केले. जातीच्या कारणावरून सरकारी शाळेचे दार बंद करू नये, हे तत्त्व त्या आयोगानेही मान्य केले. तरी त्यानंतर अठरा वर्षांनी साताऱ्यात गोणपाट होतेच. तेव्हा कागदावरचा नियम बदलला म्हणजे शाळा बदलली, असे समजणे हा भाबडेपणा आहे.

मग न लिहिलेला नियम मोडतो कोण? या बाबतीत आपली आत्मकथने फार मोलाची साक्ष देतात. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) शाळेतले शेण काढायचे काम लहान मुलीवर येते. ती नकार देते, मार खाते. तिची विधवा आई ओटीवर बसून टोपल्या विणते आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या गुरुजींना अडवून जाब विचारते. त्यानंतर ते काम बंद होते. ओमप्रकाश वाल्मीकींच्या हिंदी 'जूठन'मध्ये (१९९७) मुख्याध्यापक मुलाला वर्गाऐवजी मैदान झाडायला लावतो. बाप जाता जाता ते पाहतो, मुलाच्या हातातला झाडू हिसकावून घेतो आणि मास्तराला आव्हान देतो. एक कोकणातली आई, एक उत्तर प्रदेशातला बाप. दोघांनाही शाळेची नियमावली कोणी वाचून दाखवली नव्हती. पण शेण काढणे आणि झाडू मारणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. शाळेला नियम काय आहे हे शाळेबाहेरच्या माणसाने सांगितले. या प्रसंगांना आपण 'मातृप्रेम' आणि 'पितृप्रेम' म्हणून गौरवतो. मला ते नियमाच्या इतिहासातले प्रसंग वाटतात.

लिहिलेला नियम मात्र नेहमीच आपल्या विरोधात असतो असे नाही. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) या दृष्टीने वाचावे. शाळेत नाव घालताना बापाचे नाव लागते. ज्याने बाप म्हणून नाव द्यायचे तो सवर्ण जमीनदार ते नाव लागू नये म्हणून धडपडतो, मुख्याध्यापकाला वश करू पाहतो. मुख्याध्यापक बधत नाही. रजिस्टरात बापाचे नाव चढते. जे नाते गावाने, घराने, जमिनीने नाकारले त्याची नोंद शाळेच्या एका रकान्याने घेतली. पण तोच रकाना लेखकाला आयुष्यभर छळतो, कारण त्यात नाव असले तरी बाप नाही. रजिस्टरचा रकाना एकाच वेळी हक्क देतो आणि जखम देतो. हा द्विधा अनुभव मराठी साहित्यात त्याआधी इतक्या उघडपणे आलेला नव्हता. समीक्षकांनी मात्र अनौरसतेची चर्चा केली आणि रकाना सोडून दिला.

रकान्याची ही गोष्ट आमच्याही घरची आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा माझे आजोबा तिथे होते. वडिलांना शाळेत घालताना त्यांनी धर्म 'बौद्ध' सांगितला. लिहिणाऱ्याने 'हिंदू महार' लिहिले आणि वर समजावले की सवलत हवी तर हेच बरे. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० साली झाला, हे लक्षात घेतले तर त्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. पण निवड कशात होती पाहा : धर्म ठेवा की शिक्षण ठेवा. माझ्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे, वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. शाळा सोडल्यानंतर अशी नोंद सहसा बदलता येत नाही. माध्यमिक शाळा संहितेने ते दार जवळजवळ लावूनच घेतले आहे. पुढे जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, असे खिडकीवरून सांगण्यात आले. ज्या आजोबांना शाळेने आत घेतले नाही, त्यांचा शाळेचा दाखला! अखेर जुन्या कोतवाल बुकातली जन्माची नोंद कामाला आली. गावकीने आमची नोंद ठेवली होती, शाळेने नव्हे.

आमच्या घरापासून तासाभराच्या चालीवर कार्ल्याचा चैत्य आहे. त्याच्या दगडावर धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव त्याने केलेल्या कामासह कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षे ती नोंद टिकली. तिच्यापुढे उभी राहिले की मला आमच्या दाखल्यावरचा रकाना आठवतो. त्यात माझे नाव आहे, पण माझ्या आजोबांनी काय केले याला तिथे जागा नाही.

आता हजेरीकडे वळू. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तील (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडते. हजेरीपट असे गृहीत धरतो की मुलाचे घर एका जागी आहे आणि बापाचे पोट वर्षभर एकाच गावात भरते. हे गृहीतक कुठल्याही कलमात लिहिलेले नसते. तो कागदच त्यावर उभा असतो. मावळातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुले बरोबर जातात, कारण मागे ठेवायला कोणी नसते. दहावीला बसायचे तर ७५ टक्के उपस्थिती हवी. या मुलाने कोणता नियम मोडला? त्याच्या बापाने फक्त काम केले.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करता येणार नाही, प्राथमिक शिक्षण पुरे होण्याआधी शाळेतून काढता येणार नाही, हे त्यात लिहिलेले आहे. आपल्या आत्मकथनांतल्या कितीतरी पानांना दिलेले ते उशिराचे उत्तर आहे, आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण हा कायदा ६ ते १४ वयाचा आहे. आठवी संपते तिथे त्याचे छत्र संपते. म्हणजे हायस्कूलची खरी कसोटी सुरू होते तिथेच. नववीत 'कच्चा' ठरलेल्या मुलाला दहावीत घेतले तर शाळेचा शंभर टक्के निकाल जातो. मग पालकाला बोलावतात आणि १७ नंबरचा फॉर्म भरायला सुचवतात. मूल खासगी विद्यार्थी होते, शाळेचा निकाल चकाकतो. इथे कोणी शिवी दिलेली नसते, कोणी गोणपाट अंथरलेले नसते. माझ्या वर्गात १७ नंबरवरून आलेली मुले आहेत. आपण शाळा सोडली, असे ती सांगतात. शाळेने आपल्याला सोडले, हे वाक्य त्यांना अजून सापडलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, मग नियमच नकोत काय? असे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. नियम नसला तर मर्जी उरते, आणि मर्जीचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले, कागदावर. १९२७ साली बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले ते तो कागद पाण्यापर्यंत नेण्यासाठी. आपली परंपरा ही आहे. लिहिलेला नियम हातात धरायचा, न लिहिलेला उघडा पाडायचा, आणि सारखेपणाच्या नावाखाली जो नियम नेमका आपल्यालाच फाटकाबाहेर ठेवतो तो बदलून मागायचा.

म्हणून दलित समीक्षेने वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांवर थांबू नये. मधला शब्द नियम आहे. वेदना कोणत्या नियमातून आली आणि विद्रोहाने कोणता नियम मोडला, हे दाखवले की आत्मकथन जुन्या काळाची कैफियत राहत नाही. आजची नियमावली वाचायची ती दृष्टी होते. आणि नव्या लिहिणाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. गोणपाटाचे प्रसंग आपल्या वाट्याला आले नाहीत म्हणून लिहायला काही नाही, असे समजू नका. बंद फाटक लिहा. दाखल्याचा रकाना लिहा. वीटभट्टीवरून परतल्यावर हजेरीपटातून गेलेले नाव लिहा. १७ नंबरचा फॉर्म लिहा.

परवा वर्गात मी मुलांना सांगितले की आपापल्या शाळेचे नियम आठवतील तसे लिहून आणा, आणि प्रत्येक नियमापुढे लिहा : हा नियम कोणासाठी अवघड होता? दुसऱ्या दिवशी, "आता असे काही राहिलेले नाही" म्हणणाऱ्या मुलाने वही पुढे केली. नियम अकरा लिहिले होते. नऊ नियमांपुढची जागा कोरी होती. दहाव्यापुढे त्याने एका वर्गमित्राचे नाव लिहिले होते, आणि खाली : "तो नववीनंतर दिसला नाही. का, ते मी कधी विचारले नाही."

अकराव्या नियमावर आम्ही पुढच्या तासाला बोलणार आहोत.