शब्दभ्रम आणि भय : 'झपाटलेला' चित्रपटातील बाहुल्याचा विचार

महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटाची चर्चा बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते : तो 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटावर बेतलेला आहे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाने तो तारला आहे. यातील पहिले विधान नाकारण्याचे कारण नाही. पोलिसाच्या गोळीने घायाळ झालेला गुन्हेगार, मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरणारा त्याचा आत्मा आणि ज्याच्यापाशी रहस्य प्रथम उघड केले त्याच्याच देहात प्रवेश करण्याची अट, हा सांगाडा उसना आहे. तथापि सांगाडा उसना असला म्हणजे भयही उसने असते, असे नव्हे. प्रस्तुत लेखात या भयाच्या देशी स्वरूपाचा विचार करावयाचा आहे.

मूळ चित्रपटात बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो. बाहुला बोलतो हे त्याचे सांगणे कोणी खरे मानत नाही, कारण तो मूल आहे. मराठी चित्रपटात तात्या विंचूचा बाहुला येतो तो लक्ष्याकडे. आणि लक्ष्या हा शब्दभ्रमाच्या नादी लागलेला भाबडा तरुण आहे. शब्दभ्रम करणाऱ्याच्या हातातील बाहुला बोलू लागला, तर नवल कोणाला वाटणार? ओठ न हलवता बोलणे हेच ज्याचे कौशल्य, त्याने 'हा आवाज माझा नाही' असे कितीही कळवळून सांगितले तरी ते सिद्ध करता येत नाही. कलावंताची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ही कल्पना मूळ कथेत नाही. 'डेड ऑफ नाइट' (१९४५) या ब्रिटिश चित्रपटातील शब्दभ्रमकाराच्या कथेशी तिचे नाते अधिक जवळचे ठरते.

मराठी प्रेक्षकाला ही कल्पना परकी वाटली नाही, यामागे एक परंपरा आहे. य. के. पाध्ये यांनी घडविलेला अर्धवटराव आणि तो पुढे घराघरांत पोहोचविणारे त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्यामुळे बोलका बाहुला हा येथे करमणुकीचा, काहीसा आगाऊ पण घरचाच सदस्य झाला होता. तात्या विंचूचा बाहुलाही रामदास पाध्ये यांनीच घडविला. एकाच घरातून विदूषक आणि खुनी असे दोन्ही बाहुले घडावेत, ही गोष्ट केवळ तांत्रिक माहिती म्हणून सोडून देता येत नाही. दिलीप प्रभावळकर यांनी त्याला दिलेला आवाज तर चेहऱ्याहून अधिक काळ स्मरणात राहिला आहे.

याहून जुना संदर्भही आहे. ज्ञानेश्वरीत सायखड्याचा म्हणजे कळसूत्री बाहुलीचा दृष्टान्त येतो. सूत्र दुसऱ्याच्या हाती असल्याने बाहुलीला स्वतःची इच्छा नसते, हे तेथे गृहीत आहे. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांच्या कळसूत्री खेळातही सूत्रधार असतोच. तात्या विंचूला सूत्र नाही. निर्जीव वस्तू सजीव तर नसेल ना, या संदिग्धतेतून भय जन्मते, असे येंच यांनी १९०६ मध्ये मांडले होते. परंतु आपल्याकडे या भयाला सूत्र तुटल्याची आणखी एक छटा आहे.

मात्र चित्रपट या संदिग्धतेशी फार काळ प्रामाणिक राहत नाही. बाहुल्यात आत्मा शिरताना प्रेक्षकाने आधीच पाहिलेला असल्यामुळे लक्ष्याविषयीची शंका पडद्यावरील पात्रांपुरती उरते; प्रेक्षक निश्चिंत मनाने हसतो. बाबा चमत्कार या पात्राची रचना तर अधिकच दुटप्पी म्हणावी लागेल. त्याची थट्टा होते, पण त्याचा मंत्र फळतो आणि बाहुल्याच्या नाशाचा उपायही त्यालाच ठाऊक असतो. वडवणीसारख्या तालुक्याच्या गावातील आजच्या विद्यार्थ्याला हा चित्रपट दूरचित्रवाणी वा मोबाइलच्या पडद्यावरूनच माहीत असणार. 'झपाटणे' हा शब्द ज्या ग्रामीण परिसरात आजही आजाराचे निदान म्हणून वापरला जातो, तेथे हे हसू निरुपद्रवी मानणे कठीण आहे.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. २०१३ च्या 'झपाटलेला २' मध्ये कथा लक्ष्याच्या मुलाकडे येते आणि त्रिमितीचे तंत्र वापरले जाते. बाहुला आता प्रेक्षकाच्या अंगावर येतो. पहिल्या चित्रपटातील भय कानाचे होते. येथे ते डोळ्यांकडे सोपविले गेले, आणि आवाज कोणाचा, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणालाच उरली नाही.