‘बंद’, ‘माफी’ आणि ‘वगळणे’ : आपत्तिकालीन न्यायभाषेची चिकित्सा

न्यायालयाचे दार उघडे आहे, परंतु तेथवर जाणारा रस्ता पाण्याखाली गेला आहे. अशा दिवशी कायद्याच्या दृष्टीने ‘बंद’ काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या वाहतात. सप्टेंबर २०२४ च्या प्रारंभी येथे अतिवृष्टी झाली, तेव्हा कित्येक गावांचा संपर्क तुटला. म्हणून हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक नाही.

मुदतीच्या कायद्याचे (१९६३) चौथे कलम असे की, न्यायालय बंद असताना मुदत संपल्यास ते उघडेल त्या दिवशी दावा, अपील वा अर्ज दाखल करता येतो. नेहमीच्या वेळेपैकी काही काळ जरी न्यायालय बंद राहिले, तरी त्या दिवशी ते बंद होते असेच समजले जाते. तरतूद उदार खरी. परंतु ‘बंद’ या विशेषणाचे विशेष्य न्यायालय आहे, पक्षकाराची वाट नव्हे. गंगाखेडचे न्यायालय चालू असेल आणि पक्षकाराच्या गावचा ओढा दुथडी भरून वाहत असेल, तर हे कलम मूक राहते.

मग उरते पाचवे कलम. ‘पुरेसे कारण’ पटवून दिल्यास मुदतीनंतरही अपील वा अर्ज स्वीकारता येतो. दाव्यास मात्र ही सवलत नाही. व्यवहारात अशा विनंतीस ‘विलंबमाफीचा अर्ज’ म्हणतात. कलमाच्या मूळ शब्दांत माफी कोठेच नाही. ती वहिवाटीने आली. माफी म्हटली की अपराध गृहीत धरला जातो, आणि पुराने अडविलेला शेतकरी अपराध्याच्या भूमिकेतून बोलू लागतो.

याउलट कोविडच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून मुदती वाढविल्या. पुढे १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ गणनेतून वगळला. ‘वगळणे’ या क्रियापदाचे कर्म काळ आहे. येथे कोणाचाच दोष गृहीत धरलेला नाही.

मुदत ही प्रतिपक्षाचीही निश्चिंती असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु संपर्क तुटलेली गावे व तारखा महसुली दप्तरातून निश्चित करता येण्याजोग्या आहेत. तेवढे दिवस तेवढ्या गावांपुरते वगळावेत, अशी तरतूद झाल्यास निश्चितीही राहील आणि माफी मागण्याचा प्रसंगही येणार नाही. देशव्यापी संकटास जे क्रियापद लाभले, ते एका तालुक्याच्या पुरास नाकारण्याचे सयुक्तिक कारण दिसत नाही.