साडेचार स्टारचं पुस्तक

मराठी कादंबरीच्या नावाखाली ४.६ असा आकडा दिसला की विकत घेणारा क्षणभर थांबतो आणि बहुतेक वेळा पुस्तक मागवून टाकतो. हा आकडा किती जणांनी मिळून केला, ते शेजारी बारीक अक्षरांत दिलेलं असतं. तिकडे सहसा लक्ष जात नाही. कित्येकदा ती संख्या नऊ असते, चौदा असते. त्यात लेखकाचे स्नेही असतात, प्रकाशन समारंभाला आलेली मंडळी असतात, आणि दोन-तीन खरोखरचे अनोळखी वाचक. अशा रेटिंगवर विसंबावं का, हा प्रश्न मराठीत विचारला की तो लगेच दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाकडे घेऊन जातो. पुस्तक वाचून त्याच्याबद्दल मनातलं खरं बोलण्याची आपली रीत आज कुठल्या अवस्थेत आहे? स्टारनी समीक्षेची जागा बळकावली, असं वरचेवर ऐकू येतं. मला तसं वाटत नाही. ती जागा आपण आधीच मोकळी करून ठेवली होती.

आधी आकड्याचंच बघू. सात वाचकांपैकी सहा जणांनी पाच स्टार दिले आणि एकाने एक, तर सरासरी ४.४३ येते. सहाशे जणांनी पाच दिले आणि एकाने एक, तर ती ४.९९ राहते. नाराज माणूस दोन्हीकडे एकच. पण पहिल्या पुस्तकाची पत त्याच्या एका बोटाने खाली येते. मराठीत हजाराची पहिली आवृत्ती आता पाचशेवर, कधी तीनशेवर आली आहे. त्यातले मोजके वाचक नेटवर जाऊन मत नोंदवणार. म्हणजे आपली बहुतेक पुस्तकं कायमची त्या सात जणांच्या हिशेबात अडकलेली असतात.

त्यात स्टारचा अर्थही सगळीकडे सारखा नाही. ‘गुडरीड्स’ हे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. तिथे दोन स्टार म्हणजे ‘ठीक होतं’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. ॲमेझॉनच्या दुकानात मात्र ‘ठीक’ म्हणायला तीन स्टार लागतात. एकाच मालकाच्या दोन घरांत एकाच मापाचे दोन अर्थ! शिवाय दुकानातल्या स्टारमध्ये पुस्तक सोडून बाकीचंही बरंच मिसळलेलं असतं: खोकं चेपलं होतं, मधली पानं उलटी बांधली होती, आठवडाभर उशीर झाला. एक शब्दही न लिहिता नुसते स्टार देण्याची सोय २०१९ मध्ये आली, तेव्हापासून कोणता स्टार कशाचा हे ओळखायलाही वाव उरला नाही.

भाषांतरित पुस्तकांचा गोंधळ याहून मोठा आहे. ‘गुडरीड्स’वर एका कलाकृतीच्या सगळ्या आवृत्त्या, भाषांतरांसह, एकाच नोंदीखाली येतात. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) हिंदीत, इंग्रजीत, मल्याळममध्ये लाखो लोकांनी वाचली. तिच्या नावापुढचा आकडा या सगळ्या भाषांतला मिळून होतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’चे (१९६३) स्टार बघताना त्यात नायक पांडुरंग सांगवीकरची बोली कानाने ऐकलेले किती आणि ती इंग्रजीतून वाचलेले किती, हे आकड्यावरून कळायला मार्ग नाही. ज्या कादंबरीचा अर्धा जीव तिच्या भाषेत आहे, तिच्याबद्दल असं मोजमाप कुणाच्या कामाचं?

सरासरीचा आणखी एक दोष मला फार खुपतो. नेमाड्यांचीच ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये आली तेव्हा वाचकांत सरळ फूट पडली. कुणी भारावून गेलं, कुणी शंभराव्या पानाच्या आत पुस्तक मिटलं. अशा कादंबरीला निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी एक स्टार दिला, तर सरासरी तीन येईल. पण ती ‘तीन’ची वाटलेला वाचक त्यात एकही नसेल. ज्या पुस्तकांवरून घरात वाद होतात, ती या पद्धतीत मध्यम ठरतात, आणि ज्यांच्याविषयी कुणालाच फारसं काही वाटलेलं नाही, ती चारच्या आसपास सुखाने राहतात.

या विषयावर चांगलं संशोधन झालेलं आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी काही प्रतिक्रियांना, कुठलाही निकष न लावता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकलं. त्या प्रतिक्रियांचा शेवटचा गुण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी वर गेला. पहिल्याने चांगलं म्हटलं की पुढचेही चांगलं म्हणतात. प्रकाशनाच्या रात्रीच मित्रांनी टाकलेले पाच स्टार काय करतात, ते यावरून समजावं. पुढच्या वर्षी कोवाच आणि शार्की या दोघांनी इंग्रजी पुस्तकांबद्दल दाखवून दिलं, की मोठा पुरस्कार मिळाल्यावर पुस्तकाचं वाचकांतलं रेटिंग घसरतं. कारण साधं आहे. पुरस्कारामुळे ते अशा लोकांच्या हाती जातं, ज्यांनी ते एरवी उचललंच नसतं. पुस्तक तेच राहतं, वाचणारे बदलतात.

लबाडीही आहेच. २०२३ च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांच्या रशियात घडणाऱ्या कादंबरीला ती छापून येण्याआधीच शेकडो जणांनी एक स्टार दिला, आणि लेखिकेने प्रकाशन थांबवलं. एका ओळीचंही वाचन न होता निकाल लागला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक जाहीर केलं. अभिप्राय खऱ्या ग्राहकाचा आहे का, हे कसं तपासावं याचे नियम त्यात आहेत. ते ऐच्छिक म्हणून आलं.

पण मराठी पुस्तकांपुरतं बोलायचं तर लबाडी हा आपला मुख्य आजार नाही. आपला आजार भीड हा आहे. मराठी साहित्याचं जग लहान. परीक्षण लिहिणारा उद्या स्वतः लेखक असतो, लेखक परवा पुरस्कार समितीवर असतो, आणि प्रकाशक दोघांचाही एकच असतो. परीक्षणासाठी पुस्तक संपादकाकडून येण्याऐवजी बरेचदा लेखकाकडूनच येतं, आत ‘सप्रेम भेट’ लिहून. आठ-दहा दिवसांनी फोन येतो, ‘वाचलंत का?’ या फोननंतर पाचशे शब्दांत काय लिहून होणार? कथानकाचा सारांश, मलपृष्ठावरच्या मजकुराचा थोडा विस्तार, मुखपृष्ठ समर्पक, मुद्रणदोष टाळता आले असते तर बरं, आणि अखेर ‘संग्रही असावं असं पुस्तक’. याला पुस्तक परिचय म्हणतात आणि परिचयाचं काम तो करतोही. पण रविवारच्या पुरवण्यांत एकामागून एक असे परिचयच येत राहिले, आणि सगळीच पुस्तकं संग्रही असावीत अशी ठरली. वाचकाने त्यातून निवड कशी करावी? तो स्टारकडे वळला, यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही.

हे असंच होतं का कायम? ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ मध्ये निघालं, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये. नव्या पुस्तकांची कठोर तपासणी करण्याची सवय मराठीला या काळात लागली. पुढे ‘सत्यकथा’ मासिकाने ती टोकाला नेली, आणि नेमाड्यांच्या ‘टीकास्वयंवर’मधल्या लेखांनी त्या ‘सत्यकथा’वर्तुळालाच जाब विचारला. पण या परंपरेविषयी हळवं होण्याआधी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवावी लागते. याच ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला. व्याकरणाच्या चुका काढल्या, भाषेची टर उडवली. शेतकरी आणि शूद्रातिशूद्रांच्या गुलामीचा जो प्रश्न फुले मांडत होते, तो मात्र बाजूला राहिला. मराठीतला एक अत्यंत तीक्ष्ण टीकाकार, आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’सारख्या पुस्तकाचं मोल त्याला दिसलं नाही. जात आडवी आली. म्हणून ‘जुने समीक्षक खरं बोलत, आताचे बोलत नाहीत’ असं मी म्हणणार नाही. निर्भीड असणं आणि न्यायी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही चिपळूणकरांच्या त्या लेखनाचा आपल्याला आजही उपयोग होतो. ते कुणाचं आहे हे ठाऊक आहे, आणि कारणं त्यात लिहिलेली आहेत. त्यामुळे दीडशे वर्षांनंतर कुणीही ते उघडून इथे चूक झाली, अशी चूक झाली, या पूर्वग्रहातून झाली असं दाखवू शकतो, आणि तसं दाखवलंही गेलं आहे. कारणांसह दिलेलं चुकीचं मतसुद्धा दुरुस्त होऊ शकतं. ‘गुलामगिरी’ला त्या काळी कुणी नुसता एक स्टार देऊन गेलं असतं, तर त्याच्याशी वाद कसा घालणार होतो? रेटिंगवर माझा विश्वास बसत नाही, तो मुख्यतः यासाठी. ते खोटं असेल म्हणून नव्हे. ते खरं असलं तरी तपासता येत नाही.

मराठीची घरची रेटिंग स्टारच्या कितीतरी आधीपासून आहेत, आणि तीही याच कसाला लावायला हवीत. एक आवृत्तीचं. ‘सातवी आवृत्ती’ हे शब्द मुखपृष्ठावर ठळक असतात, पण आवृत्ती तीनशेची की तीन हजारांची हे आत कुठेच नसतं. जुन्या पुस्तकांत कधीकधी प्रतींची संख्या छापलेली सापडते. ती प्रथा पुन्हा सुरू व्हावी. दुसरं पुरस्काराचं. गावोगावी इतके पुरस्कार आहेत, की पुरस्कार न मिळालेला कवितासंग्रह शोधावा लागेल. तिसरं शासनमान्य ग्रंथांच्या यादीचं. त्या यादीवर ग्रंथालयांची खरेदी अवलंबून असते, म्हणून प्रकाशकाला तिचं महत्त्व वाटतं. वाचकाला तिच्यातून निवड कशी झाली ते समजत नाही. या सगळ्यांत ‘ललित’ची ‘चोखंदळ निवड’ मला अधिक भरवशाची वाटत आली. १९६४ पासून पुस्तकांविषयीच चालणाऱ्या मासिकाच्या निवडीमागे निदान एक सातत्याने वाचणारं घर आहे, हे माहीत असतं.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? माझं उत्तर असं, की सध्या काय वाचतोय हे मनापासून सांगणाऱ्या माणसावर. त्यातही भेद करावा लागतो. प्रदर्शनातून आणलेल्या गठ्ठ्याचा फोटो टाकणं म्हणजे खरेदीची बातमी. वाचन अजून व्हायचं असतं. वर्षाला पन्नास किंवा शंभर पुस्तकांचा संकल्प सोडून आकडा गाठणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण त्या शर्यतीत सातशे पानांची कादंबरी आपोआप मागे पडते. ज्याच्याकडून काही शिकायला मिळतं तो वाचक पुस्तक अर्ध्यावर असताना बोलतो. ‘दीडशे पानं झाली, नायकाचा बाप आला की लेखन जिवंत होतं, तो गेला की मी पानं उलटतो.’ हे मत अजून थिजलेलं नाही. पुस्तक संपल्यावर आपण एक शहाणा निष्कर्ष तयार करतो आणि वाटेतले खाचखळगे विसरतो. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाविषयी तर कुणी बोलतच नाही. खरं तर कितव्या पानावर आणि कशाने सोडलं, याइतकी कामाची माहिती दुसरी नाही.

असं बोलणं वाचनालयांत होत असे, अजूनही काही ठिकाणी होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी किती जणांनी ते नेलं हे सांगत असे, आणि काउंटरवरची बाई ते कुणी दुसऱ्याच दिवशी परत आणलं हे सांगत असे. संगणकीकरणात ती चिठ्ठी अनेक ठिकाणी गेली. नाशिकहून विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे चालवलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटात फिरते आणि मग दुसऱ्या गटाशी बदलली जाते. अशा पेट्या दुबईपर्यंत गेल्या. एकच पेटी वाचलेले लोक आपसांत बोलतात, तेव्हा कुणाची आवड काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मत आणि मत देणारा एकत्र भेटतात. स्टारमध्ये नेमकी हीच जोडी तुटलेली असते.

रेटिंग बघूच नये, असं माझं म्हणणं नाही. मी सरासरी सोडून देतो आणि तीन स्टार देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते आधी वाचतो. पाच देणारा प्रेमात असतो, एक देणारा रागात. तीन देणाऱ्याने सहसा पुस्तक पूर्ण वाचलेलं असतं आणि कुठे काय बिनसलं हे त्याला सांगायचं असतं. मग तो वाचक आणखी काय वाचतो ते बघतो. ज्याची आवड माझ्याशी कधीच जुळत नाही असा एखादा सातत्याने लिहिणारा वाचकही मला उपयोगी पडतो. त्याला कंटाळवाणं वाटलेलं पुस्तक मी हमखास मागवतो.

नियतकालिकांच्या संपादकांकडून मात्र माझी अपेक्षा जास्त आहे. परीक्षणाचं पुस्तक संपादकाने निवडावं आणि परीक्षकही त्यानेच. लेखकाशी स्नेह असेल तर परीक्षकाने तसं एका ओळीत सांगून टाकावं. वर्षातून चार-दोन महत्त्वाच्या पुस्तकांवर तरी परस्परविरोधी दोन लेख शेजारी-शेजारी छापावेत. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने १९७४ पर्यंत परीक्षणं निनावी छापली, भीड टाळण्याचा तो एक मार्ग होता. आपल्याकडे तो चालणार नाही. आठवड्याच्या आत नाव फुटेल, आणि निनावी लिहिणाऱ्याला जबाबदारीही राहणार नाही. सही हवीच. सहीसह नाराजी सोसण्याची ताकद परीक्षकाला देणं, हे संपादकाचं काम आहे.

या सगळ्याची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, तो वाचक पुस्तकाच्या दुकानापासून फार लांब राहतो. न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या आईला आठ वर्षांच्या मुलासाठी मराठी पुस्तक मागवायचं असतं. तिला ते चाळून बघता येत नाही, टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त असतो, आणि समोर आठ जणांनी दिलेले ४.८ स्टार असतात. तिला हवी असतात ती चार वाक्यं: अक्षर केवढं आहे, जोडाक्षरं किती, संवाद मालवणीत आहेत का, आणि कुणाचं तरी मूल कोणत्या गोष्टीपाशी आलं आणि ‘पुढची उद्या’ म्हणून उठून गेलं.