आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे

वापरकर्त्यांच्या फोल्डरांची राखीव प्रत घेणारी बॅच फाइल लिहिणे हा संगणकाच्या तासाचा एक चांगला स्वाध्याय आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत आज्ञा लिहायच्या, संगणक त्या क्रमाने पाळतो. मात्र या स्वाध्यायाचे जे उत्तर सर्रास दिले जाते, त्यावर आमचा आक्षेप आहे. ते उत्तर एका ओळीचे असते : रोबोकॉपी, मूळ फोल्डर, पेनड्राइव्हवरील फोल्डर आणि शेवटी 'मिर' हा पर्याय.

रोबोकॉपी ही आज्ञा गुणी आहे. १९९० च्या दशकात ती विंडोज एनटीच्या रिसोर्स किटबरोबर आली आणि २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्येच समाविष्ट झाली. फाइलीचा आकार आणि वेळ पाहून ती बदललेल्या फाइलीच उचलते. म्हणून दुसऱ्या दिवशीचे काम झटपट होते. दोष आहे तो 'मिर'च्या वापरात. मिर म्हणजे आरसा. मूळ फोल्डरात नाही ते आरशातही राहत नाही. एखाद्या शिक्षकाकडून निकालपत्रक चुकून पुसले गेले, की रात्री बॅच फाइल चालते आणि प्रतही पुसते. मूळ व प्रत यांची नावे उलटसुलट लिहिली गेली, तर रिकाम्या पेनड्राइव्हचे प्रतिबिंब मूळ फोल्डरवर उमटते!

दुसरा आक्षेप वाट पाहण्यावर. एखादी फाइल उघडी असल्याने कुलूपबंद असेल, तर रोबोकॉपी पुन्हा प्रयत्न करते. काही सांगितले नाही तर किती वेळा? १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करून पाहा : सुमारे ३४७ दिवस! दोन-तीन प्रयत्न आणि पाच सेकंद एवढे लिहिणे पुरेसे असते.

तिसरा आक्षेप निकाल वाचण्यावर. बहुतेक आज्ञांत शून्य म्हणजे यश आणि इतर आकडा म्हणजे चूक. येथे शून्य म्हणजे नकलण्याजोगे काहीच नव्हते, एक म्हणजे फाइली नीट उतरल्या. आठ किंवा अधिक आले तरच बिघाड. 'एररलेव्हल एक असेल तर चूक दाखव' असे लिहिणारी फाइल यशालाच अपयश म्हणते. अशा खोट्या इशाऱ्यांची सवय झाली, की खरा इशाराही कोणी वाचत नाही.

मग उत्तर कसे असावे? 'मिर'ऐवजी उपफोल्डरांसह नक्कल करणारा 'ई' पर्याय घ्यावा आणि प्रत्येक वाराचे वेगळे फोल्डर ठेवावे. म्हणजे सोमवारची चूक मंगळवारी कळली तरी रविवारची प्रत शाबूत असते. दर आठवड्याला त्या वाराचे फोल्डर आधी रिकामे करावे. आणि गुण देण्यापूर्वी विद्यार्थ्याला एक काम सांगावे : प्रतीतील एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून दाखव. परत मिळवून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते.