कॅमेरा कोणाच्या बाजूला?

डिस्टोपियन चित्रपट, म्हणजे अन्याय आणि दहशत हाच ज्याचा नित्यनियम झाला आहे अशा कल्पित समाजाचे चित्रण करणारा चित्रपट, सध्या मजल्यांच्या आणि जिन्यांच्या इतका आहारी गेला आहे की वरचा तो सत्ताधीश आणि खालचा तो पीडित, एवढेच त्याच्या दृश्यभाषेचे व्याकरण उरले आहे. ‘द प्लॅटफॉर्म’ने (२०१९) जेवणाचा चौथरा मजल्यामजल्याने खाली सरकवून जे एकदा सांगितले, ते २०२४ मध्ये दुसऱ्या भागाने पुन्हा त्याच मजल्यांच्या विहिरीत उतरून सांगावे, ही या व्याकरणाच्या दिवाळखोरीची खूण आहे.

या प्रथेचे मूळ फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) शोधले जाते, पण तेथील खरा शोध मनोऱ्यांचा नव्हता. पाळी बदलताना खाली माना घालून आत जाणारे कामगार ज्या चालीने चालतात, त्याहून बाहेर पडणारे कितीतरी संथ चालतात. दहा तासांच्या श्रमाने शरीरातून काय काढून घेतले, हे त्या दोन गतींच्या फरकातून कळते. पुढच्या दिग्दर्शकांनी मनोरे उचलले आणि ही चाल मागे टाकली. ‘एलिसियम’ (२०१३) श्रीमंतांना अवकाशात नेऊन ठेवतो आणि विषमता सांगून झाली असे मानतो. ‘हंगर गेम्स’ मालिकेची सारी मदार वेशभूषेवर आहे.

याउलट दिग्दर्शक गोदारने ‘आल्फाव्हिल’साठी (१९६५) भविष्यकाळाचे नेपथ्य उभारलेच नाही, राऊल कुतारच्या छायाचित्रणातून रात्रीचे खरेखुरे पॅरिसच यंत्राच्या हुकमतीखालचे शहर झाले, त्यामुळे दडपशाही दूरच्या काळातून उठून प्रेक्षकाच्या रस्त्यावर आली. हीच परंपरा आल्फोन्सो क्वारोनच्या ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ने (२००६) पूर्णत्वाला नेली. मुले जन्मणे थांबलेल्या २०२७ च्या इंग्लंडमध्ये निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडले आहे. नायक थिओ त्यांच्याजवळून सवयीने पुढे जातो, पण इमॅन्युएल लुबेझ्कीचा कॅमेरा त्याच्यावरून ढळून पिंजऱ्यांकडे वळतो, आणि ज्याकडे पाहायचे नाही असे समाजाने ठरवले आहे ते पाहण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येऊन पडते. बेक्सहिलच्या निर्वासित-छावणीतील लढाई ‘लाँग टेक’मध्ये, म्हणजे मध्ये न तोडता सलग चालणाऱ्या चित्रणात दाखवली आहे. भिंगावर रक्ताचे थेंब उडतात, तरी चित्रण थांबत नाही. अशा दृश्यांचे काही सांधे संगणकाने जुळवले आहेत, हा आक्षेप खरा असूनही गैरलागू आहे. कारण येथे प्रश्न कसरतीचा नसून प्रेक्षकाला सुरक्षित जागी पळू द्यायचे की नाही, याचा आहे.

संकलन, म्हणजे दृश्यांची तोडजोड, ही पळवाट सहज पुरवते: वेदना असह्य होण्याआधी दृश्य बदलते आणि कॅमेरा आकाशात चढून वस्तीची नक्षी दाखवू लागतो. गरिबांची वस्ती ज्या उंचीवरून सुंदर दिसते, ती उंची पहारेकऱ्याची असते. तेथून पाहण्याची चटक लावणारा चित्रपट संवादांतून समतेची कितीही बाजू घेवो, त्याची दृष्टी मालकाचीच राहते. सत्तेचा निषेध करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाने म्हणूनच मनोरा किती उंच बांधावा याचा हिशेब सोडून कॅमेरा कोणाच्या खांद्याशी ठेवावा, हे आधी ठरवले पाहिजे. ते न ठरवता केलेला चित्रपट विषमतेची समीक्षा नव्हे, तिची सजावट आहे.