इंग्रजी घरांतील माया : एका ऐतिहासिक वादाचें परीक्षण

जुन्या काळच्या आईबापांना आपल्या मुलांचा लळा होता काय, असा प्रश्न कोणी केला तर आपण त्यास वेड्यांत काढूं. परंतु इंग्लंडच्या इतिहासकारांत याच प्रश्नावर मोठा वाद माजला, आणि त्यास मुख्यतः लॉरेन्स स्टोन यांचा १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ कारण झाला. १५०० ते १८०० या तीन शतकांतील इंग्रजी कुटुंब, कामजीवन आणि विवाह हा त्या जाडजूड ग्रंथाचा विषय. ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहे, मनोरंजक आहे, आणि आमच्या मतें मूळ सिद्धांतांतच फसलेला आहे. ही चूक इंग्लंडपुरतीच असती तर तिची चर्चा तज्ज्ञांवर सोपवितां आली असती. पण स्वतःच्या मागच्या पिढ्यांविषयीं निवाडा करतांना आपल्या सुशिक्षितांच्या हातूनही तीच चूक घडते, म्हणून तिचा विचार येथें कर्तव्य आहे.

स्टोन यांनीं इंग्रजी कुटुंबाच्या तीन अवस्था कल्पिल्या आहेत. पहिलींत घर हें भाऊबंद व शेजार यांना मोकळें असे. दुसरींत धर्म आणि राजसत्ता यांच्या पाठबळानें बाप घरचा राजा बनला. आणि तिसरी, म्हणजे जिव्हाळ्यावर उभारलेल्या कुटुंबाची अवस्था, १६४० नंतर हळूहळू वरच्या व मधल्या वर्गांत उदयास आली. त्यापूर्वींचे नवराबायको व आईबाप-मुलें यांचे संबंध त्यांच्या मतें थंड व अलिप्त होते. मुलें फार मरत, म्हणून आईबाप त्यांच्यांत जीव गुंतवीत नसत, असें त्यांचें अनुमान.

या मताच्या बाजूनें पुरावा नाहीं असें नाहीं. लग्न होतांच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. पत्नीनें पतीस ठार मारणें हा साधा खून न मानतां धन्याविरुद्धचा द्रोह मानण्याचा १३५२ चा कायदा १८२८ पर्यंत टिकला. सुमारें चौथा हिस्सा मुलें वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं दगावत. जगलेलीं बरींचशीं मुलें तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास परक्या घरीं चाकरीस किंवा धंदा शिकण्यास जात.

परंतु कायदा म्हणजे जीवन नव्हे. इंग्रजी कायद्यानें मुलीचें लग्न बाराव्या वर्षीं होऊं शकत असे, आणि शेक्सपिअरची ज्यूलिएट तर चौदाचीही झालेली नाहीं. एवढ्यावरून तेथें सर्रास बालविवाह होत असें आपण म्हणणार. पण चर्चच्या नोंदवह्या निराळेंच सांगतात. सतराव्या शतकांत सामान्य इंग्रज मुलगी सव्वीसच्या आसपास आणि पुरुष सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षीं विवाहबद्ध होई. नव्या जोडप्यानें स्वतंत्र बिऱ्हाड थाटावें असा रिवाज होता, आणि त्यासाठीं चाकरींत कांहीं वर्षें पैसा जमवावा लागे. पीटर लास्लेट यांनीं १५७४ ते १८२१ या काळांतील १०० वस्त्यांच्या याद्या तपासल्या, तेव्हां दर घरीं सरासरी ४.७५ माणसेंच निघालीं. यंत्रयुगानें इंग्लंडचें एकत्र कुटुंब मोडलें ही आपल्याकडील व्याख्यानांतून ऐकूं येणारी समजूत या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. आणखी एक गंमत अशी कीं, १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रांत रण माजलें, तेव्हां खुद्द इंग्लंडांत विवाहाची कायदेशीर मर्यादा बाराचीच होती. ती बदलण्यास १९२९ साल उजाडावें लागलें.

उपदेशग्रंथांचीही तीच कथा. विल्यम गूज या लंडनच्या धर्मोपदेशकानें गृहधर्मावर १६२२ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. नवऱ्याच्या संमतीवांचून बायकोनें घरच्या वस्तूंची विल्हेवाट लावूं नये, या त्याच्या प्रवचनांतील शिकवणीवर श्रोत्यांनीं बराच आक्षेप घेतला, आणि ही हकीकत त्यानें स्वतःच ग्रंथाच्या आरंभीं नमूद केली आहे. आज्ञा मोठ्यानें सांगावी लागते ती बहुधा पाळली जात नाहीं म्हणूनच!

सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे एसेक्स परगण्यांतील अर्ल्स कोन गांवचा धर्मोपदेशक राल्फ जॉसेलिन. त्याची सतराव्या शतकांतील रोजनिशी ॲलन मॅक्फार्लेन यांनीं अभ्यासिली व संपादिली. १६४८ त त्याचें कांहीं दिवसांचेंच मूल गेलें, तेव्हां आपण अवेळीं बुद्धिबळें खेळत बसलों त्याचें हें शासन, असें त्यास वाटलें. १६५० त आठ वर्षांची मेरी गेली, तेव्हांचा शोक याहून कितीतरी खोल आहे. मृत्यूच्या सहवासानें बापाचें काळीज दगड झाल्याची खूण येथें दिसत नाहीं. त्याचीं मुलें लहानपणींच दूर गेलीं, पण पत्रें व भेटी चालूच राहिल्या.

तथापि स्टोन यांच्या प्रतिपक्षाचाही तोल सुटला आहे. मॅक्फार्लेन यांस व्यक्तिस्वातंत्र्य हा इंग्रजांचा जणूं सनातन गुण वाटतो. लिंडा पोलॉक यांनीं १९८३ सालीं चारशेंहून अधिक रोजनिशा व आत्मचरित्रें चाळून आईबापांची माया सिद्ध केली. पण रोजनिशी लिहिणारा कोण? ज्यास अक्षर, फुरसत आणि कागद मिळाला तो. शेतमजुराच्या बायकोनें आपलें दुःख कोठें लिहून ठेवावें? शिवाय माया सिद्ध झाल्यानें सत्ता नाहींशी होत नाहीं. मेरीसाठीं रडणाऱ्या जॉसेलिननेंच पुढें दारूबाज मुलास वारसा तोडण्याच्या धमक्या दिल्या. एकाच बापाच्या अंगीं दोन्ही गोष्टी नांदत होत्या, आणि ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या चौकटींत नीट बसत नाहीं.

आपल्याकडे नवऱ्याचें नांव न घेणारी बायको आणि वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचें मूल न उचलणारा बाप पाहून, त्या घरांत प्रेमच नव्हतें असें म्हणणारे स्टोनपंथी पुष्कळ आहेत. उलट, प्रेम होतें म्हणून ती सारी व्यवस्थाच चांगली होती, असें मानणारेही कमी नाहींत. दोघांनींही रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी पुन्हा वाचाव्या. अकराव्या वर्षीं लागलेलें लग्न, सासरच्या बायकांकडून झालेला जाच, आणि पतीविषयींची अपार भक्ति हें सर्व एकाच पुस्तकांत आहे. यांतील एक खरें मानण्यासाठीं दुसरें खोटें ठरविण्याचें कारण नाहीं.

स्टोन यांचा ग्रंथ वाचूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारला म्हणूनच इतरांनीं जुनीं दप्तरें उघडलीं. मात्र तो वाचतांना एवढें ध्यानांत असावें कीं, घराचा कायदा दप्तरांत सांपडतो, घरांतील माया तेथें क्वचितच नोंदली जाते. आणि जी नोंदली गेली नाहीं ती नव्हतीच, असा निकाल देण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं.